शारीरिक पुनर्वसनात पिलाटेस व्यायामपद्धतीचे उपयोजन : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
दुखापत, शस्त्रक्रिया किंवा दीर्घकालीन वेदना यांमुळे गमावलेली हालचालींची क्षमता पुन्हा मिळवून देणे म्हणजे शारीरिक पुनर्वसन होय. या कार्यात भौतिकोपचारतज्ज्ञ पिलाटेस पद्धतीचा उपयोग करतात, विशेषतः जुनाट कंबरदुखीसाठी. या उपयोगाचे स्वरूप व त्यामागील पुरावा तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पार्श्वभूमी :
या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटेस (१८८३-१९६७) मूळचे जर्मन. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ते ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्यायामशाळा चालविली. तेथे अनेक नर्तक येत. या पद्धतीला त्यांनी ‘कंट्रॉलॉजी’ असे नाव दिले होते.

शास्त्रीय आधार :
पोटाचा सर्वांत खोलवरचा आडवा स्नायू, मणक्यांलगतचे स्नायू, श्वासपटल व श्रोणितळ हे मिळून कण्याला आधार देतात. हॉजेस व रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखविले की, निरोगी व्यक्तीत हात हलण्यापूर्वीच हा आडवा स्नायू आकुंचन पावतो; कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र त्यास विलंब होतो. खोल स्नायूंवरील नियंत्रण वाढविणाऱ्या व्यायामांना यातून सैद्धांतिक बळ मिळाले.

उपयोजन :
प्रारंभी रुग्ण उताणा झोपून गुडघे वाकवितो, श्वास सोडताना खालचे पोट हलकेच आत घेतो आणि कंबर स्थिर ठेवून एकेक पाय उचलतो. आवर्तनांच्या संख्येपेक्षा अचूकतेला महत्त्व असते. ‘रिफॉर्मर’ या उपकरणात सरकत्या पाटाला स्प्रिंगा जोडलेल्या असतात. त्यामुळे शरीराचा पूर्ण भार न पेलता झोपूनच पायांना व्यायाम देता येतो व ताण क्रमाने वाढविता येतो.

मर्यादा :
२०१५ च्या कोक्रेन समीक्षेत १० चाचण्यांतील ५१० कंबरदुखीग्रस्तांचा विचार झाला. नाममात्र उपचारांपेक्षा पिलाटेस सरस ठरले. तथापि अन्य व्यायामांहून ते श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा आढळला नाही. शिवाय मूळ व्यायामांपैकी अनेकांत पाठ गोलाकार वाकवावी लागते. हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांत त्यामुळे मणक्याचा अस्थिभंग संभवतो. म्हणून निरोगी व्यक्तींसाठी रचलेला क्रम रुग्णांना जसाच्या तसा देणे धोक्याचे ठरते.

निष्कर्ष :
पिलाटेस हा पुनर्वसनातील एक उपयुक्त पर्याय आहे, एकमेव नव्हे. रुग्णाची तपासणी, व्यायामांतील योग्य बदल व प्रशिक्षित देखरेख यांवरच त्याची उपयुक्तता व सुरक्षितता अवलंबून असते. खर्च न परवडणाऱ्या रुग्णाने नियमितपणे केलेला अन्य सुयोग्य व्यायामही तितकाच ग्राह्य मानावा लागेल.