मोटारीला माफी, मालाला टोल!

आम्ही मालेगावचे कापडवाले. यंत्रमागावरचा माल भिवंडीला आणि मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटला पोहोचवायचा, हा आमच्या घरचा दोन पिढ्यांचा धंदा. त्यामुळे मुंबई-आग्रा रस्ता आम्हाला आमच्या मोहल्ल्याच्या गल्लीइतकाच ओळखीचा आहे. या रस्त्यावर आमची स्वत:ची मोटार धावते आणि आमच्या गाठी घेऊन टेम्पोही धावतो. म्हणून टोलबद्दल आम्ही जे लिहिणार आहोत ते दोन्ही बाजूंनी पैसे मोजून लिहिणार आहोत.

आमचे अब्बा माल घेऊन जात तेव्हा जकात नाक्यावर तासन् तास गाडी उभी राही. अब्बा हसून म्हणत, ‘‘एक जकात आपण स्वत: हिशेब करून, खुशीने देतो. दुसरी ही, नाक्यावर उभे करून घेतात.’’ मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी जीएसटीबरोबर बंद झाली. व्यापाऱ्यांना वाटले, सुटलो! पण जकात गेली आणि टोल राहिला. आज मालेगावहून निघालेल्या गाडीला चांदवड, पिंपळगाव बसवंत, घोटी आणि पडघा असे चार नाके लागतात. मुंबईत शिरायचे तर पाचवा.

टोल का द्यायचा, हा आमचा प्रश्न नाही. चांगला रस्ता फुकट होत नाही, हे धंदा करणाऱ्याला सांगावे लागत नाही. पूर्वीचा कसारा घाट आणि आजचा रस्ता यातला फरक आम्ही पाहिला आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. टोलचे ओझे कोणावर टाकले जाते आणि सवलत कोणाला मिळते?

गेल्या काही वर्षांतले सरकारचे निर्णय पाहा. 2015 साली महाराष्ट्र सरकारने 12 टोलनाके बंद केले आणि 53 नाक्यांवर मोटारी, जीप आणि एसटी बसला टोलमाफी दिली. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. 15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी मोटारींसाठी 3000 रुपयांचा वार्षिक पास आला. एका वर्षात 200 फेऱ्या, म्हणजे एका नाक्याला 15 रुपये पडले. आमच्या मोटारीलाही हा फायदा झाला, तो आम्ही नाकारत नाही. पण हा पास व्यापारी वाहनांना मिळत नाही. मोटारीत आम्ही एकटे बसून जातो, आम्हाला सवलत. मागून येणाऱ्या टेम्पोत 20 घरांची रोजी आहे, त्याला पूर्ण टोल. हा कुठला इन्साफ?

यावर सरकारकडे एक उत्तर आहे आणि ते अगदीच चुकीचे नाही. जड गाडीने रस्ता जास्त झिजतो, म्हणून तिने जास्त द्यावे. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या शुल्क नियमांत हे तत्त्व आहेच. त्यातले 2007-08 चे मूळ दर पाहिले तर किलोमीटरला मोटारीला 65 पैसे, हलक्या मालवाहू गाडीला 1 रुपया 5 पैसे आणि दोन एक्सलच्या ट्रकला 2 रुपये 20 पैसे होते. म्हणजे ट्रक मोटारीच्या तिपटीहून जास्त देतच होता. मग मोटारीला माफी देऊन हे अंतर आणखी वाढवण्याचे कारण काय? कारण उघड आहे. मोटारवाला मतदार नाक्यावर आवाज करतो. कापडाची गाठ आवाज करीत नाही!

शिवाय माफी म्हणजे खर्च नाहीसा झाला, असे नाही. 2015 मध्ये ज्या नाक्यांवर मोटारींना माफी मिळाली, तिथल्या ठेकेदारांना सरकारी तिजोरीतून भरपाई द्यावी लागली. तिजोरी भरते कराने, आणि कर गरीबही देतो. गाडी घेताना वाहन कर, डिझेलमध्ये रस्त्यासाठीचा उपकर, वर टोल. एकाच रस्त्यासाठी तीन खिडक्यांवर पैसे भरले जातात.

आता हे ओझे शेवटी कुठे जाऊन पडते ते पाहू. समजा एका फेरीचा टोल 1000 रुपये झाला आणि गाडीत 8000 मीटर कापड आहे, तर मीटरला साडेबारा पैसे पडले. ऐकायला ही रक्कम काहीच नाही. पण ग्रे कापडाच्या धंद्यात सौदे पैशांवर मोडतात, हे वाचकांना सांगायला नको. भिवंडीचा व्यापारी भाव वाढवून देत नाही. ट्रान्सपोर्टवाला भाडे कमी करीत नाही. मग ते साडेबारा पैसे चार माग चालवणाऱ्या कारखानदाराच्या आणि पुढे विणकराच्या मजुरीतून निघतात. नाक्यावर पावती ट्रकच्या नावाने फाटते, पैसे मात्र मागावर उभ्या असलेल्या माणसाचे असतात.

वाहतुकीचे धोरण या टोलमध्ये आणखी भर घालते. नियमाप्रमाणे 24 तासांच्या आत परत आल्यास जाण्या-येण्याचा मिळून दीडपट टोल लागतो. म्हणजे जाताना 200 रुपये कापले गेले तर येताना 100. पण ठाणे-मुंबईत जड वाहनांना ठराविक वेळी प्रवेशबंदी असते. गाडी शहराबाहेर उभी राहते, बंदी उठल्यावर एकदम रांग लागते, गोदामात पोहोचेपर्यंत हमाल घरी गेलेले असतात. माल दुसऱ्या दिवशी उतरतो आणि 24 तास उलटून जातात. वाहतूक खाते शहराच्या भल्यासाठी गाडी थांबवते, महामार्ग खाते थांबल्याबद्दल सवलत काढून घेते. दोन्ही सरकारेच, पण एकाला दुसऱ्याची खबर नाही!

अंतराचाही असाच घोळ आहे. एकाच विभागात, एकाच दिशेने दोन नाक्यांमध्ये साधारणत: 60 किलोमीटर अंतर असावे, असे नियम सांगतो. 60 किलोमीटरच्या आतले नाके तीन महिन्यांत बंद करू, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मार्च 2022 मध्ये लोकसभेत सांगितले होते. पिंपळगाव आणि चांदवड यांच्यात इतके अंतर नाही. पण पिंपळगाव-नाशिक-गोंदे हा एक टप्पा आणि पिंपळगाव-धुळे हा दुसरा टप्पा. विभाग वेगळे, कंत्राटे वेगळी. कागदावर नियम पाळला गेला, रस्त्यावर आम्ही दोनदा पैसे दिले.

मग आम्ही मागावे काय? रस्ता रोको आणि नाक्यांची तोडफोड हा आमचा मार्ग नाही. आमचा मार्ग खातेवहीचा आहे. पहिली मागणी अशी की, प्रत्येक नाक्यावर दरफलकाच्या शेजारी हिशेबाचा फलक लावा. रस्त्याला खर्च किती आला, आजवर वसूल किती झाले, वसुली कधी संपणार, हे मोठ्या अक्षरांत लिहा. 2008 च्या नियमांत खर्च वसूल झाल्यावर टोल 40 टक्क्यांवर आणण्याची तरतूद होती. खर्च वसूल झाला की नाही, हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? दुसरी मागणी, प्रवेशबंदीच्या शहरांतून परतणाऱ्या मालगाड्यांना 24 ऐवजी 48 तासांची सवलत द्या. तिसरी, वार्षिक पासासारखी योजना लहान मालवाहू गाड्यांसाठीही आणा.

आणि रस्ता खराब तर टोल कशाचा? केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्करा नाक्याची वसुली तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये रस्त्याच्या दुर्दशेमुळे थांबवली. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही अपील फेटाळले गेले. पुढे वसुली पुन्हा सुरू झाली, पण शांतपणे, कागद घेऊन न्याय मागता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते तरी करू या. एकाच नाक्यावरून वारंवार गाडी जात असेल तर महिन्याचा पास घ्या. त्यात 50 फेऱ्या दोन तृतीयांश दरात पडतात, आणि तो मालगाड्यांनाही मिळतो. फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा. 2025 मध्ये टॅग चालू नसेल तर रोखीने दुप्पट टोल जात असे. 15 नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट, एवढीच सूट मिळाली आहे. मोबाईलवर येणारे मेसेज पुसू नका, खातेवहीशी ताडून पाहा. आमच्याच गाडीचा टोल एका नाक्यावर दोनदा कापला गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘सेठ, जाऊ द्या, एवढ्याशा पैशासाठी कोण भांडणार?’’ आम्ही टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली, मेसेज दाखवले आणि पैसे परत आले. महामार्गाच्या 1033 क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. सरकारी नियमांची भाषा आम्हाला आजही अवघड जाते. पण बेरीज-वजाबाकी सगळ्या भाषांत एकच असते. व्यापारी बंधूंनो, आपल्या मागणीत कोणाची खैरात नको. जो पैसा घेतो त्याने हिशेब द्यावा, हा बाजाराचा जुना कायदा आहे. आपण गिऱ्हाइकाला पक्की पावती देतो. सरकारनेही ती आपल्याला द्यावी.