तारेच्या आऱ्यांचें चाक

बैलगाडीच्या चाकाचा लांकडी आरा दाब सोसून भार तोलतो. तारेचा आरा मात्र ताणाच्या बळावर उभा असतो. १८७४ सालीं इंग्लंडांत जेम्स स्टार्ली यांनीं तिरप्या तारांच्या चाकाचें पेटंट घेतलें. १९७० च्या दशकाअखेरीस ओतीव चाकांसह निघालेल्या जपानी मोटारसायकली नव्यानें घडवितांना पाश्चात्त्य हौशी लोक पुष्कळदा अशींच चाकें बसवितात. रूप खुलतें खरें. परंतु तुंबा जुन्या आंसास व ब्रेकच्या तबकडीस जुळला पाहिजे. रिमला तारांसाठीं भोंकें असल्यानें आंत बहुधा ट्यूब लागतेच. टिचकी मारतांच एका बाजूच्या तारांतून, तंबोऱ्याच्या जोडाच्या तारांप्रमाणें, एकच स्वर निघावा. थोड्या प्रवासानंतर ताण पुन्हां तपासावा. कारण सैल तार आपला भार शेजारच्या तारांवर टाकते. शोभेपेक्षां स्वाराचे प्राण मोलाचे, हें सुज्ञांनीं विसरूं नये.