जाळी कोणत्या प्लॅस्टिकची घ्यावी?

बाल्कनीतली कबुतरांची जाळी, रोपवाटिकेवरचे शेडनेट, बांधकामावरची सुरक्षा जाळी. बोलताना आपण सगळ्यांनाच ‘नायलॉनची जाळी’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यांचे प्लॅस्टिक वेगवेगळे असते. चुकीची जाळी लावली तर ती उन्हात पिचते किंवा ऐन वेळी तुटते.

मुख्य चार प्रकार

नायलॉन : ताण आला की लांबते आणि झटका पचवते. म्हणून माणूस पडण्याचा धोका असेल तिथे ते उपयोगी. मात्र ते पाणी शोषते, ओले झाल्यावर थोडे सैल पडते आणि आम्लाने खराब होते.

एचडीपीई : पाणी शोषत नाही, खते आणि बहुतेक आम्ले सोसते. शेडनेट बहुधा याचेच असते. सतत ताणात ठेवले तर हळूहळू लांबत जाते.

पॉलीप्रॉपिलीन : चौघांत सर्वांत हलके. सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते. एचडीपीई १३० अंशांच्या आसपासच वितळते. पण संरक्षक द्रव्य नसेल तर उन्हात फार लवकर ठिसूळ होते.

पॉलिएस्टर : कमी ताणले जाते, ऊन बऱ्यापैकी सोसते. कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीपासून मात्र दूर ठेवावे.

खरा शत्रू ऊन

सूर्याची अतिनील किरणे प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. ते टाळण्यासाठी धाग्यात ‘यूव्ही स्टॅबिलायझर’ मिसळतात. काळ्या जाळीतला कार्बन ब्लॅक हेच काम करतो. द्राक्षबागेत गंधकाची फवारणी होत असेल तर विक्रेत्याला आधीच सांगा. गंधकामुळे काही स्टॅबिलायझर निकामी होतात आणि जाळी अपेक्षेपेक्षा लवकर फाटते.

घेताना काय पाहाल?

जाळीचा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून, चोळून त्यातली हवा काढा. मग साध्या पाण्यात सोडा. एचडीपीई आणि पॉलीप्रॉपिलीन तरंगतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. ‘नायलॉन’ म्हणून दिलेली जाळी तरंगली, तर ती नायलॉनची नाही.

यूव्ही संरक्षणाची हमी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्या.

आणि एक गोष्ट विसरू नका. कबुतरांची जाळी पक्षी अडवते, मुलाचे वजन पेलण्यासाठी ती बनवलेली नसते. तिथे चाचणी केलेली सुरक्षा जाळी आणि भक्कम हूकच हवेत.