पान्हा, माया आणि ऑक्सिटोसिन

वासरू जवळ आले की गाय हंबरते, त्याला चाटू लागते आणि थोड्याच वेळात तिचे सड दुधाने टरारतात. यालाच आपण पान्हा सुटणे म्हणतो. पान्हा आणि माया हे शब्द आपल्याकडे जोडीने येतात. शरीरशास्त्रही याला दुजोरा देते, कारण दोन्हींमागे ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा हात असतो.

हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी तयार होते व पीयूषिका ग्रंथीतून रक्तात मिसळते. या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये नोंदविले. पुढे १९५३ मध्ये विन्सेंट द्यू विग्नो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वासराने ढुशी दिली किंवा कास धुऊन चोळली की सडांतील मज्जातंतू मेंदूला संदेश देतात. सुमारे मिनिटभरात ऑक्सिटोसिन कासेत पोहोचते आणि दूध सडात उतरते. हा प्रभाव साधारण ५ ते ७ मिनिटे टिकतो. जनावर घाबरले तर मात्र ॲड्रेनॅलिन स्रवते आणि पान्हा अडतो. शहापूरसारख्या महामार्गालगतच्या गावात अचानक वाजलेला ट्रकचा भोंगा, अनोळखी माणूस किंवा काठीचा एक फटकाही त्यास पुरेसा होतो.

मेंदूतही ऑक्सिटोसिन काम करते. मेंढी व्याली की त्याच्या प्रभावाने ती पहिल्या काही तासांत आपले कोकरू वासाने ओळखते आणि परक्या कोकराला हुसकावते. म्हणजे आपल्यावर माया आणि परक्यावर संशय, या दोन्ही गोष्टी सोबत येतात. ताजी व्यालेली गाय कुत्र्याच्या अंगावर धावते ती यामुळेच. माणसातही आई अंगावर पाजते तेव्हा हेच संप्रेरक स्रवते. मात्र माणसाचे वागणे एका संप्रेरकावर ठरत नाही.

वासरू दगावले की पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचण्याचा मोह होतो. तो टाळावा. वारंवार टोचल्यास जनावराची नैसर्गिक पान्हा सोडण्याची क्रिया मंदावते आणि इंजेक्शनशिवाय धार निघेनाशी होते. दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक इंजेक्शन देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. व्यायल्यानंतरच्या अडचणीत हे औषध द्यायचे की नाही, ते पशुवैद्यकाने ठरवावे.

पशुपालक बंधू-भगिनींनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. धारेची वेळ, जागा व माणूस शक्यतो बदलू नये.
२. कास कोमट पाण्याने धुऊन, पुसून हलकेच चोळावी.
३. पान्हा सुटताच धार सुरू करून ५ ते ७ मिनिटांत संपवावी.
४. वासरू नसल्यास धारेच्या वेळी खुराक समोर ठेवावा. काही दिवसांत जनावर त्या सवयीने पान्हवू लागते.
५. गोठ्यात मारझोड व आरडाओरड करू नये.

जनावराचा विश्वास कमवायला खर्च येत नाही, आणि त्याचा मोबदला रोज चरवीत दिसतो.