शिक्का आणि पारख

पेटीवर ‘रत्नागिरी हापूस’ लिहिले म्हणून आत हापूसच असेल, असे येथे कोणी मानीत नाही. फळ हुंगून पाहिले जाते. शोधनिबंधावर मात्र ‘तज्ज्ञांनी तपासला’ एवढा शिक्का आपल्याला पुरतो.

२००६ साली एका मान्यवर जर्मन नियतकालिकात हेक्झासायक्लिनॉल हे संयुग प्रयोगशाळेत बनविल्याचा निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून पार होऊन छापला गेला. त्यात मानलेली रेणूची रचनाच चुकीची आहे, हे रिचनोव्स्की यांनी त्याच वर्षी गणिताने दाखविले. पोर्को यांनी सुधारित रचनेचा रेणू घडवून ते सिद्ध केले. मूळ निबंध मागे घेतला गेला तो २०१२ साली. खरी पारख छपाईनंतर झाली.

आपल्याकडे तर शिक्काच विकाऊ झाला. विद्यापीठांनी सुचविलेली व अनुदान आयोगाने मान्य केलेली १,००९ नियतकालिके पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली, असे त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली, की बाजार संख्याच पुरविणार. याद्या बदलून हे थांबणार नाही. निवड समित्यांनी निबंध मोजणे सोडून ते वाचावेत, हाच उपाय.