समुद्राला निघालाय? गाडीत बसायच्या आधी घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघून घ्या

विटा : ज्वारी काढून झाली, हरभरा घरात आला, उसाचा शेवटचा ट्रक कारखान्याला गेला, की फाल्गुन-चैत्रात पंधरा दिवसांची उसंत मिळते. पुढं पोरांच्या परीक्षा, लग्नसराई आणि मग पावसाआधीची मशागत. या मधल्या दिवसांत पूर्वी माणसं जत्रेला जायची, आजही जातात. चैत्र पौर्णिमेला जोतिबा, चैत्रातच शिखर शिंगणापूर, शिवाय गावोगावची जत्रा आहेच. पण गेल्या काही वर्षांत खानापूर, कडेगाव, आटपाडी, जत या भागातून समुद्राकडं निघणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते. नवीन लग्न झालेले जातात, बारा जणांचं कुटुंब एका गाडीत कोंबून जातं, आणि आता लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेली जोडपीही दोघंच निघायला लागली आहेत.

समुद्र तसा आपल्याला लांब नाही. जत, नागज, विटा, कडेगाववरून कराडला जो रस्ता जातो, तोच पुढं पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागरला पोहोचतो. गुहागर-विजापूर रस्ता म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याचं पहिलं टोक थेट समुद्रावर आहे. कराडपासून गुहागर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पहाटे निघालं तर जेवणाच्या वेळेला माणूस तिथं असतो.

अडतं ते अंतरामुळं नाही, घरामुळं. धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार, म्हातारीची गोळी कोण देणार. विट्याजवळच्या एका गावातल्या जोडप्याचं असंच झालं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दोघं मिळून एकदाही कुठं गेले नव्हते. दरवेळी सहल निघायची ती सगळ्या भावकीची. त्यात घरातल्या बाईनं आदल्या रात्री दोनशे चपात्या लाटायच्या, वाटेत सगळ्यांना वाढायचं आणि परत येऊन भांड्यांचा ढीग घासायचा. ती सहल बाकीच्यांची, तिची नव्हे. शेवटी धुळवडीला जोडून दोन दिवस काढले. धाकट्या भावानं जनावरं बघायची आणि त्याच्या बदल्यात पुढच्या महिन्यात तो निघाला की यांनी त्याची बघायची, असा करार झाला. असा करार बहुतेक घरांत होऊ शकतो, फक्त कुणीतरी तोंड उघडून विचारायला पाहिजे. ‘लोक काय म्हणतील’ हा भाग तर दोन दिवसांत संपतो.

हे जोडपं परत आलं, पण थोडक्यात वाचून. नवरा विहिरीत पट्टीचा पोहणारा. तो समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभा होता. पायाखालची वाळू सरकली, तो गळ्यापर्यंत पाण्यात गेला आणि किनाऱ्याकडं हात मारू लागला, पण जागचा हलेना. काठावरचे मच्छीमार ओरडून ‘आडवा पोह, आडवा पोह’ म्हणत होते. ते ऐकलं म्हणून तो बाहेर आला. बायको काठावर उभी राहून हे सगळं बघत होती. तेव्हापासून ती प्रत्येकाला सांगते की जायचं असेल तर जा, पण पाणी कसं चालतं ते आधी शिकून जा.

तर पाणी कसं चालतं?

समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. चढणं म्हणजे भरती, उतरणं म्हणजे ओहोटी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, त्यामुळं भरतीची वेळ रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढं सरकते. हा सगळा चंद्राच्या ओढीचा खेळ, त्यात सूर्याचीही थोडी भर. म्हणून भरतीचा हिशोब घड्याळापेक्षा तिथीवर चांगला बसतो, आणि तिथी तर आपल्या प्रत्येक घरातल्या भिंतीवर टांगलेली असते.

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, म्हणजे तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. जे उत्तर येईल तितके वाजता भरती पूर्ण. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. अष्टमीला सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण, आणि दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला समुद्र काठोकाठ, आणि सकाळी पावणेदहाला सगळ्यात आत गेलेला. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरती धरायची. यात अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, खाडीच्या आत तर आणखी. म्हणून हा हिशोब अंदाजासाठी. नेमकी वेळ हवी असेल तर किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या माणसाला विचारावं, तो चुकत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि तितकंच जास्त खाली जातं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, त्याला भांग म्हणतात. आता बघा, आपल्या लोकांची सुट्टी कधी असते? होळी पौर्णिमेला, धुळवड दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला आणि गुढीपाडवा अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे आपण नेमके उधाणाच्या दिवसांतच समुद्रावर जातो.

धुळवडीचं उदाहरण घ्या. प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता. सकाळी सात-आठला पोहोचलेल्या माणसाला समुद्र लांब गेलेला दिसतो, समोर मोकळी, ओली, टणक पुळण. गाडी आत घ्यायचा मोह तिथंच होतो. पोरं फोटो काढतात, रील करतात, गाडी तशीच लावून नाश्त्याला जातात. अकरापर्यंत पाणी चाकाशी येतं. चाक फिरवावं तसं वाळूत आणखी रुततं आणि साडेबाराला लाटा बॉनेटवरून जातात. मग ट्रॅक्टर शोधायची धावपळ. चारचाकी असो की बुलेट, पुळणीवर नेऊच नये. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं वायरिंग पुढं वर्षभर त्रास देतं. शिवाय याच दिवसांत त्या वाळूत कासवांची अंडी असतात.

आता त्या ओढीबद्दल. लाटा काठावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूत जिथं खोलगट चर असेल तिथून जोरात आत जातं. पाटाचं पाणी जसं एका फोडीतून निघतं तसंच. ही जागा काठावरून ओळखता येते. दोन्ही बाजूला लाटा फुटून फेस दिसतो आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी शांत आणि जरा गढूळ किंवा गडद दिसतं. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, कारण त्याला तिथं पाणी संथ वाटतं.

विहिरीत पोहणाऱ्याचा घोटाळा इथंच होतो. विहिरीचं पाणी एका जागी असतं, चार हात मारले की कड सापडते. समुद्रात ओढीच्या विरुद्ध हात मारत राहिलं तर पैलवानसुद्धा काही मिनिटांत दमतो, आणि बुडणारा बहुतेकदा दमूनच बुडतो. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं धडपडायचं नाही. पाठीवर तरंगायचं, श्वास धरायचा, हात वर करून मदत मागायची. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं पोहायचं. चर अरुंद असते. तिच्या बाहेर पडलं की लाटाच काठाकडं आणतात.

दुसरं, एकाला वाचवायला पाठोपाठ दुसरा उतरला की बातमीत दोन नावं येतात. उतरू नका. दोरी टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन टाका, त्याला धरून माणूस तरंगतो. ओरडून स्थानिकांना बोलवा आणि ११२ ला फोन करा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबणं यात वेळ जातो. श्वास चालू नसेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं आणि १०८ ची गाडी बोलवायची. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर अशा घटना वरचेवर होतात. तिथं पाट्या लावलेल्या आहेत, त्या फोटोसाठी नाहीत. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, ओहोटी लागल्यावर तर नाहीच. साडी नेसून उतरणाऱ्या बायकांनी हे जास्त पाळावं, भिजलेलं लुगडं पायात गुंतलं की उभं राहता येत नाही.

दोन दिवसांत बघण्यासारखं भरपूर आहे. गुहागरला व्याडेश्वराचं देऊळ आणि मागं सुरूच्या झाडांची रांग असलेला लांबलचक किनारा. तिथून वेळणेश्वर, मग हेदवीचा दशभुज गणपती. हेदवीलाच समुद्राकाठी बामणघळ आहे. खडकात एक अरुंद चीर पडली आहे आणि भरतीला लाट तिच्यात घुसून उंच उसळते. बघायची असेल तर भरतीच्या वेळीच जायचं, पण लांबून. ओल्या खडकावर शेवाळ असतं, तिथं पाय घसरला तर सावरायला जागा नाही. ज्यांना गणपतीपुळ्याला जायचं असेल त्यांनी तवसाळहून जयगडला फेरीबोटीनं जावं. गाडीसकट बोटीत चढता येतं, आणि पोरांना सगळ्या सहलीत तेच जास्त आवडतं.

फाल्गुनात गेलात तर शिमगा चालू असतो, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. थांबून दर्शन घ्यावं. मंडणगड तालुक्यात वेळास आहे, नाना फडणवीसांचं गाव. तिथं 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात, आणि साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत ती सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं, म्हणून तिथं बॅटरी किंवा मोबाइलचा फ्लॅश लावायचा नाही. वेळास गुहागरपासून लांब पडतं, त्यासाठी वेगळा दिवस धरावा.

राहायचं ते आधी ठरवून जावं, पण फोनवर आलेल्या कुठल्याही लिंकवर पैसे टाकू नयेत. सुट्टीच्या तोंडावर हॉटेलच्या नावानं खोटी पानं निघतात, खोली निम्म्या दरात दाखवतात आणि आगाऊ पैसे घेऊन नंबर बंद होतो. एमटीडीसीची निवासं गणपतीपुळे आणि वेळणेश्वरला आहेत. गावातल्या घरगुती खोल्या त्याहून स्वस्त, आणि जेवणही घरचं. आधी तिथं जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाकडून नंबर घेतलेला बरा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा. तिथं जितका उशीर, तितके पैसे पुढं गेलेले. दोघांची आधार कार्डं जवळ ठेवा. लग्नाचा दाखला लागतो असा कुठलाही कायदा नाही. मासळीचं ताट आणि आंब्याची पेटी, दोन्हीचा दर आधी विचारायचा. रस्त्याकडंच्या प्रत्येक पेटीतला आंबा कोकणातला असतोच असं नाही.

गाडी नसेल तर एसटी आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट, म्हणजे दोघांचा प्रवास दीड तिकिटात. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि 75 च्या पुढच्यांना मोफत, म्हणून म्हातारीला घरी ठेवायचं कारण पैसा तरी नाही. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी कुंभार्ली उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, खालच्या गिअरमध्ये उतरावं. पोरांना घाटाआधी तेलकट वडापाव दिला तर गाडी लागणार हे ठरलेलं. मार्चमध्ये कोकणात उकाडा आपल्यापेक्षा जास्त अंगावर येतो. जमिनीवरून येणारा वारा जोरात असला की समुद्रावरचा खारा वारा उशिरा सुटतो आणि तोवर घामाच्या धारा. दुपारी अकरा ते चार खोलीत किंवा देवळात काढलेले बरे.

ते विट्याकडचं जोडपं यंदाही निघालंय. या वेळी त्यांनी धुळवड सोडून अष्टमी धरली आहे. भावाशी बोलणं झालंय, वैरण कापून ठेवली आहे. नवऱ्यानं पोहायची चड्डी पिशवीत भरली होती, ती बायकोनं काढून परत दोरीवर टाकली.