हिमबिबट्याच्या वाटेवर : हेमिस राष्ट्रीय उद्यान

ठिकाण : लडाख, लेहजवळ. स्थापना १९८१. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौ. किमी, देशातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान.

हंगाम : जानेवारी ते मार्च. हिमबिबट्यांचा हा मीलनकाळ. बर्फामुळे भक्ष्य खाली उतरते, त्यामागोमाग शिकारीही.

ओळख : शास्त्रीय नाव पँथेरा उन्सिया. राखाडी-पांढरी फर, सुमारे मीटरभर लांबीची जाड शेपटी. आपल्याकडच्या बिबट्याहून ही वेगळी प्रजाती. याला डरकाळी फोडता येत नाही.

संख्या : २०२४च्या अहवालानुसार भारतात ७१८, त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये.

संरक्षण : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, अनुसूची १. आययूसीएनच्या यादीत २०१७पासून ‘असुरक्षित’, त्याआधी ‘संकटग्रस्त’.

इतर प्राणी : भरल, उरियाल, लांडगा, तांबडा कोल्हा, सोनेरी गरुड.

मुक्काम : रुंबक खोऱ्यातल्या गावांत होमस्टे. उत्पन्न गावकऱ्यांना मिळते.

विरळ हवा : लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. पोचल्यावर किमान दोन दिवस विश्रांती. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ जाणवल्यास चढाई थांबवावी. त्रास वाढल्यास लगेच खाली उतरावे.

सोबत : दुर्बीण, थरांचे लोकरी कपडे, गॉगल.